जंगलातल्या शाळेचा जून

महाराष्ट्रात शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि विदर्भात आठ-पंधरा दिवस उशिरा. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला घंटा वाजली, विदर्भात २३ जूनला. विदर्भाला ही सवलत मिळते ती उन्हामुळे. जंगलपट्ट्यातल्या गावांचं वेळापत्रक मात्र उन्हावर ठरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, आणि शाळा उघडते तेव्हा नेमकी पेरणीची घाई. मोठी माणसं शेतावर, गुरं राखायला दहा-बारा वर्षांचा मुलगा, तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन घरात बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल आणि नवी पुस्तकं द्यायला शिक्षक तयार असतात, पण पटावरची निम्मी नावं कामावर गेलेली असतात.

गेली शंभर वर्षं या शाळांपुढे एकच प्रश्न आहे: मुलाने शाळेपर्यंत चालत यायचं, की शाळेने मुलापर्यंत जायचं?

शाळेचं वर्ष गावाच्या वर्षावर कसं बसवलं गेलं, याची एक खूण आजही सापडते. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी वयस्कर माणसांच्या कागदपत्रांवर जन्मतारीख १ जून असते. मूल पहिल्यांदा शाळेत आलं की गुरुजी अंदाजाने वय ठरवत आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सोयीची तारीख लिहीत. त्या रजिस्टरमधल्या एका ओळीवर पुढे रेशनकार्ड, जातीचा दाखला, नोकरी, निवृत्ती, सगळं उभं राहिलं. ज्यांचं नाव त्या वहीत कधी चढलंच नाही, त्यांना वनहक्काच्या दाव्यासाठी पुरावे जमवताना काय त्रास झाला असेल, याची कल्पना यावरून येते.

आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा सुरुवातीचा एक संघटित प्रयत्न निवासी शाळेचा होता. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ सुरू केलं. मुलांना आश्रमात ठेवून शिकवायचं, ही त्या कामाची पद्धत. तोच धागा पुढे नाशिकला दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये काढलेल्या डांग सेवा मंडळात दिसतो. पाडे दूर, वाटेत नदी-नाले, घरी दोन वेळची भ्रांत. अशा वेळी मुलाला वसतिगृहात आणणं हा खरा आधार होता. ते नाकारण्यात अर्थ नाही.

याच्या उलट दिशेने विचार केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेलं. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्माला आली ती अशी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे हे नाव देशभर गेलं.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत हललं, आणि तिथे झालेलं काम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच शैक्षणिक साहित्य. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शिक्षक कुरणात गेले. गुरं चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी काढलेला मार्ग तर फार शहाणपणाचा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला विकासवाडी म्हटलं. मुलीने कडेवरचं मूल पाळणाघरात ठेवायचं, मधल्या भावंडाला बालवाडीत बसवायचं आणि स्वतः वर्गात जायचं. ही मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर तिच्या कडेवरच होतं. ते पाहणाऱ्या बायका तिथे होत्या, म्हणून उपाय सापडला.

राज्य सरकारने मात्र निवासी वाट धरली. १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना सुरू झाली, १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग आला. आज शासकीय आश्रमशाळा सुमारे पाचशे आणि अनुदानित साडेपाचशेच्या आसपास आहेत. या शाळांमधून शिक्षक, परिचारिका, अधिकारी घडले. त्याच शाळांमध्ये मुलं साध्या आजारांनी दगावलीही. २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंके यांच्या समितीला या मृत्यूंचा अभ्यास करून अहवाल द्यावा लागला. सहा वर्षांचं मूल घरापासून तोडून ठेवायचं तर त्याच्या तापाची आणि झोपेची जबाबदारी घेणारं माणूस तिथे असायला हवं. नुसती इमारत आणि अधीक्षकाची खुर्ची पुरत नाही.

ते माणूस असलं की काय होतं, हे हेमलकशात दिसलं. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा उघडली. मुलं माडिया बोलणारी. माडिया द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे पाठ्यपुस्तकातलं पहिलंच पान मुलाला परक्या देशातलं. शिक्षकांनी आधी माडिया शिकली, मग मराठी शिकवली. आमट्यांची स्वतःची मुलंही याच शाळेत शिकली, ही गोष्ट पालकांच्या विश्वासाच्या दृष्टीने कुठल्याही भाषणापेक्षा मोठी होती. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावर पाणी चढायचं आणि भामरागडचा संपर्क तुटायचा. अशा ठिकाणी नवं वर्ष सुरू करायचं म्हणजे पावसाआधी धान्य, औषधं आणि वह्या-पुस्तकं पोचवून ठेवायची.

नर्मदाकाठी, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा उभ्या राहिल्या. सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांनी आणि नर्मदा बचाव आंदोलनाने त्या चालवल्या. तिथे पावरी आणि भिलोरी या मुलांच्या बोलींना वर्गात जागा मिळाली. पाणी चढलं की शाळेचे वासे-कुडाच्या भिंती काढून वरच्या अंगाला नेऊन पुन्हा उभ्या करायच्या.

शासनाकडून वाडीवस्तीपर्यंत शाळा पोचली ती बरीच उशिरा, २००० नंतर वस्तीशाळांच्या रूपाने. गावातलाच बारावी शिकलेला तरुण तुटपुंज्या मानधनावर एखाद्या ओसरीत वर्ग भरवायचा. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा ठरवली, आणि वस्तीशाळांना प्राथमिक शाळांचा दर्जा मिळाला. अंगणात शाळा नेण्याचा विचार कायद्यात उतरायला पासष्ट वर्षं लागली.

तो फार काळ टिकू दिला नाही. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचं समायोजन, म्हणजे त्या बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवणं, ठरलं, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा प्रस्ताव आला. त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले गेले. एका शिक्षकाने चार-पाच इयत्ता एकाच खोलीत शिकवणं कठीण असतं, हे कबूल. पण सातपुड्यात दोन किलोमीटर म्हणजे एक घाट आणि एक नाला असतो, आणि नाल्याला पाणी आलं की पहिल्यांदा मुलींची शाळा सुटते. वाहन देऊ, हे आश्वासन जिथे रस्ताच नाही तिथे कोणी पाळायचं?

याच काळात लोकांनी स्वतःही पाऊल उचललं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. आपली मुलं कुठे आणि कोणत्या भाषेत शिकतील, हे गावाने ठरवलं.

शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. म्हणून जूनमध्ये छोट्या शाळेचे गुरुजी घरोघर फिरतात तेव्हा ते एकेका नावासाठी शाळेचं अस्तित्व मोजत असतात. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आठ मुलांच्या पाड्यावरही ती असते. समायोजनाचा कागद निघण्याआधी या समितीची बैठक पाड्यावर, लोकांच्या भाषेत आणि पेरणी आटोपल्यावर घ्यावी, आणि तिचा ठराव प्रस्तावाला जोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.