उपग्रह कुठे आहे आणि जोडीदारापासून किती लांब आहे

तासगावकडच्या आमच्या रानाची मोजणी झाली तेव्हा मोजणीवाल्या साहेबांनी एक जीपीएस पेटी तिपाईवर रोवली आणि दुसरी काठीवर घेऊन ते बांधाबांधाने फिरले. तात्यांनी विचारलं, "दोन्ही पेट्या आपापली जागा सांगत्यात न्हवं? मग वजाबाकी केली की झालं. एक रोवून ठेवायची कशाला?"

जोडीने उडणाऱ्या उपग्रहांबद्दलही हाच गोंधळ होतो. एकाची अचूक कक्षा काढणं वेगळं आणि दोघांमधलं अचूक अंतर काढणं वेगळं, जरी दोन्हींसाठी जीपीएसचेच संदेश वापरत असले तरी.

कक्षा काढायची म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून उपग्रह नेमका कुठे आहे ते ठरवायचं. पाचशे किलोमीटर उंचीवर तो सेकंदाला साडेसात किलोमीटर धावत असतो. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या कक्षेत किंवा घड्याळात जी चूक असेल ती थेट आपल्या उत्तरात उतरते. विरळ हवेचा अडसर आणि सूर्यप्रकाशाचा दाबही हिशेबात धरावा लागतो. सगळं नीट केलं तर चूक काही सेंटिमीटरवर येते.

अंतराचं गणित मला जास्त सुंदर वाटतं. जवळजवळ उडणारे दोन उपग्रह एकाच क्षणी त्याच जीपीएस उपग्रहाकडे बघत असतील, तर त्या उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोघांच्याही मोजमापात सारखीच येते. मोजमापंच एकमेकांतून वजा केली की ती उडून जाते. मग दोन जीपीएस उपग्रहांच्या वजाबाक्या पुन्हा एकमेकींतून वजा करायच्या, की आपल्या पेट्यांच्या घड्याळांची चूकही जाते. तात्या तयार उत्तरांची वजाबाकी करत होते. खरी वजाबाकी त्याच्या कितीतरी आधी करायची असते.

यातून आणखी एक गोष्ट साधते. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे 19 सेंटिमीटर. लहरीचा अपुरा तुकडा पेटी मिलिमीटरपर्यंत मोजते, पण सुरुवातीला मध्ये पूर्ण लहरी किती होत्या हे तिला माहीत नसतं. जुन्या मोजणीत 33 फुटांची साखळी असायची, सोळा आण्यांची. आणे बिनचूक मोजले आणि साखळ्या किती पडल्या तेच मोजायचं राहिलं, तशी ही गत. दुहेरी वजाबाकीनंतर मात्र हा अज्ञात आकडा पूर्णांकच असावा लागतो. तो नेमका सापडला की अंतर मिलिमीटरच्या घरात येतं.

जर्मनीच्या टेराएसएआर-एक्स (2007) आणि टॅनडेम-एक्स (2010) या रडार जोडीला ही अचूकता हवीच होती. दोघांतलं अंतर रडारच्या दिशेने एक मिलिमीटर चुकलं तर जमिनीची उंची साधारण मीटरभर चुकते. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत 16 जानेवारी 2025 रोजी दोन उपग्रह अवकाशात जोडले गेले; तिथेही लहरींची अशीच वजाबाकी वापरायची सोय उपग्रहावरच होती.

पण अंतर कितीही पक्कं असलं तरी त्यावरून जोडी पृथ्वीच्या कुठल्या भागावर आहे ते कळत नाही. आमच्या रानात तिपाईची जागाच दोन मीटर चुकीची धरली असती, तर सगळं रान नकाशावर शेजाऱ्याकडे दोन मीटर सरकलं असतं, आणि गुंठे मात्र तेवढेच भरले असते.