बॉर्डर कॉली आली कुठून?

बॉर्डर कॉली म्हटलं की तो काळा-पांढरा, भयंकर हुशार कुत्रा डोळ्यासमोर येतो, पण नावातली बॉर्डर कुठली हे फारसं कोणी विचारत नाही. ती इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली सीमा. तिकडच्या डोंगरउतारांवर मेंढरं पार लांब पांगलेली असतात आणि त्यांना गोळा करायला एकटा मेंढपाळ धावून धावून किती धावणार, म्हणून पिढ्यानपिढ्या कुत्रे ठेवले आणि निवडताना बघितलं एवढंच की काम करतो का. कान उभे की पडके, केस लांब की आखूड, याची कोणाला पडलेली नव्हती, त्यामुळे आजही या जातीत सगळे प्रकार दिसतात.

१८७३ मध्ये वेल्समधल्या बाला गावी अशा कुत्र्यांची मेंढरं वळायची स्पर्धा झाली आणि गंमत म्हणजे जिंकला स्कॉटिश मेंढपाळ, ट्वीड नावाच्या कुत्र्याला घेऊन.

पण खरा हिरो हेम्प नावाचा कुत्रा. १८९३ ला त्याच सीमेलगतच्या, इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. बाप रॉय मनमोकळा पण नजरेत फारसा दम नाही, आई मेग लाजाळू आणि नजर एवढी जबर की मेंढरांकडे बघता बघता स्वतःच जागेवर खिळायची म्हणे. पिल्लात दोघांचं माप बरोब्बर जमलं! तोवरचे बरेच कुत्रे भुंकून, चावून मेंढरं पळवायचे, हा मात्र आवाज न करता खाली दबून नुसती नजर रोखायचा आणि मेंढरं हलायची. हेच सगळ्यांना हवं होतं, मग जो तो आपली मादी याच्याकडे आणायला लागला. १९०१ मध्ये तो गेला, पण आजच्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळी मागे मागे नेल्या की त्याच्यापाशीच पोचतात.

१९०६ ला इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी, म्हणजे मेंढरं वळणाऱ्या कुत्र्यांची संस्था, निघाली. बॉर्डर कॉली हे नाव मात्र त्याही नंतरचं, सोसायटीचे सेक्रेटरी जेम्स रीड यांनी १९१५ मध्ये वापरलं असं मानतात, म्हणजे हेम्पला बिचाऱ्याला आपली जात कधी कळलीच नाही.

डॉग शोवाल्यांची मान्यता तर फारच उशिरा, ब्रिटनच्या केनेल क्लबची १९७६ ला, अमेरिकेत १९९५ ला, आणि तिथे कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, कारण रूप बघून ब्रीडिंग सुरू झालं की काम गेलं. मला त्यांचं पटतं. शीप डॉग सोसायटीत मात्र आजही आईबापांची नोंद नसलेला कुत्रा मेंढरांवर नीट काम करून दाखवला तर रजिस्टर होऊ शकतो.