हवामान निधी म्हणजे फुकटचा पैसा नव्हे

‘श्रीमंत देश हवामान बदलासाठी गरीब देशांना दरवर्षी अब्जावधी डॉलर फुकट वाटतात’ असा मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. आकडे एवढे मोठे असतात की तसं वाटणं साहजिकच आहे. चूक आहे ती ‘फुकट’ या शब्दात.

२००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत विकसित देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. उभे करणं म्हणजे देऊन टाकणं नव्हे. त्यात कर्जही धरलं जातं. सरकारी मार्गाने येणाऱ्या रकमेत सुमारे दोन तृतीयांश वाटा कर्जाचाच असतो. सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडू शकतो. समुद्राचं पाणी अडवणारा बांध जीव वाचवतो, पण कमाई करत नाही. त्याचा हप्ता सरकारी तिजोरीतूनच जातो. कर्ज डॉलरमध्ये असेल आणि देशाचं चलन घसरलं, तर तोच हप्ता आणखी जड होतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

खात्री करायची तर प्रकल्पाची कागदपत्रं पाहा: अनुदान की कर्ज, व्याजदर किती, मुदत किती, चलन कोणतं. ‘सवलतीचं’ असं लिहिलं असेल तर व्याज बाजारापेक्षा कमी असतं. मुद्दल मात्र परत करावंच लागतं.