आजारपणासाठी क्राउडफंडिंग करताय? लिंक फिरवायच्या आधी कागदं जुळवा

क्राउडफंडिंग, म्हणजे ऑनलाइन अनेकांकडून थोडे थोडे पैसे उभे करायचे म्हटलं की सगळे आधी पेशंटचा फोटो आणि हेडलाइन शोधत बसतात, पण खरी गाडी अडते ती जमलेले पैसे काढताना. माझ्या आत्याच्या वेळी तेच झालं. हॉस्पिटलच्या फाइलवर तिचं जुनं आडनाव, बँकेत नवं, व्हेरिफिकेशन फेल, इकडे कॅम्पेनच्या पानावर आकडा वाढतोय आणि बिलिंग काउंटरवर भरायला हातात काही नाही.

कॅम्पेन कोण करू शकतं? पेशंट स्वतः, नाहीतर त्याच्या वतीने घरचं कोणी, मित्र, शेजारी. चालवणारा सज्ञान हवा, आजारी मूल असेल तर आईबाबा किंवा कायदेशीर पालक पुढे हवेत. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला विचारा, खरंच विचारा, आजाराची माहिती एकदा शेअर झाली की ती परत गोळा करता येत नाही. अजून एक, पैसे देणारे जगभरातले असू शकतात पण काढायचं खातं प्लॅटफॉर्मने मान्य केलेल्या देशातलंच लागतं. २०१० ला सुरू झालेल्या गोफंडमी या अमेरिकन क्राउडफंडिंग साइटचंही तसंच आहे, त्यामुळे देशांची यादी सगळ्यात आधी बघा.

आता कागदं. कॅम्पेन करणाऱ्याचा आणि ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचा फोटो असलेला ओळखपत्राचा पुरावा, बँक डिटेल्स, निदान लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, आणि खर्चाचं एस्टिमेट. हे एस्टिमेट लेटरहेडवर, तारीख, सही, शिक्क्यासकट घ्या, आम्हाला पहिल्यांदा मिळालेल्या कागदावर तारीखच नव्हती, त्यासाठी पुन्हा रांगेत. नावाचं स्पेलिंग सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघा, नसेल तर नाव बदलल्याचा पुरावा सोबत जोडा. शक्य असेल तिथे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ द्या, देणाऱ्यांचाही विश्वास बसतो. रिपोर्ट पानावर टाकताना मात्र पत्ता, फोन, पेशंट नंबर झाका.

अकाउंट उघडलं की केवायसी आणि बँक लगेच पूर्ण करा, "पैसे आले की बघू" नको. काढायला टाकलेले पैसेही खात्यात यायला काही दिवस जातात, ते बिलाच्या तारखेतून वजा धरा.

फीमध्ये लोक फार गंडतात. प्लॅटफॉर्म फी वेगळी, पेमेंट प्रोसेसिंग फी वेगळी, "झिरो फी" लिहिलेलं असतं ते बहुतेक पहिलीबद्दल. गोफंडमीवर अमेरिकेत प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापले जातात. शिवाय देणाऱ्याच्या स्क्रीनवर प्लॅटफॉर्मला द्यायच्या टिपचा आकडा आधीच भरलेला असतो, तो शून्य करता येतो हे मेसेजमध्ये लिहून टाका, नाहीतर बोलणी तुम्हालाच. आणि "कॅम्पेन व्हायरल करून देतो, अमुक टक्के द्या" असे फोन आले तर सरळ ठेवून द्या.

रक्कम किती टाकायची? एस्टिमेट, औषधं, फॉलोअप आणि वरची फी, बस. अमेरिकेत २०१६ ते २०२० मधल्या चार लाखांहून जास्त मेडिकल कॅम्पेनचा अभ्यास झाला त्यात टार्गेट गाठलेली फक्त १२ टक्के होती, म्हणून याच्या भरवशावर विमा, सरकारी योजना, ट्रस्टचे अर्ज थांबवू नका. फक्त सरकारी मदतीला उत्पन्नाची किंवा शिलकीची अट असेल तर जमलेली रक्कम त्यात धरतात का ते आधी विचारा, खात्यात पैसे पडल्यावर विचारून उपयोग नाही.

नंतर बिलं जपा, अपडेट टाका. उपचार स्वस्तात झाले किंवा पेशंट गेला तर उरलेल्या पैशांचं काय करणार हे पहिल्याच दिवशी पानावर लिहा, तेव्हा दोन ओळी लिहायला जड जातं पण नंतर घरच्यांना कोणी विचारलं की त्याच दोन ओळी दाखवता येतात.