आयटीआयपासून अभियांत्रिकी पदवीपर्यंत: मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

आयटीआय झाल्यावर अभियांत्रिकीची पदवी घेता येते का, हा प्रश्न मुलुंड, कुर्ला, बोरिवली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणारी मुले आणि त्यांचे पालक दर जूनमध्ये विचारतात. घेता येते. त्यासाठी बारावी नव्याने करावी लागत नाही आणि सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षाही द्यावी लागत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड (म्हणजे एका विशिष्ट कारागिरीचा अभ्यासक्रम), मग पदविकेच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन दोन वर्षे आणि त्यानंतर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षे, असा हा सात वर्षांचा मार्ग आहे. बारावी करून पदवीला जाणाऱ्यापेक्षा यात एकच वर्ष अधिक लागते, आणि दरम्यान हातात दोन स्वतंत्र, नोकरीला उपयोगी पडणारी प्रमाणपत्रे आलेली असतात.

या मार्गावर प्रत्येक पायरीला वेगळे कार्यालय, वेगळे संकेतस्थळ आणि कागदपत्रांची वेगळी यादी का भेटते, हे समजून घेण्यासाठी माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेकडे पाहावे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्याचे काम हाती घेतले आणि पुढच्या तीन दशकांत गिरणगाव वाढत गेले, तेव्हा यंत्रे चालवणारी व दुरुस्त करणारी शिकलेली माणसे शहरात पुरेशी नव्हती. सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांच्या पाठबळाने 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळ्यात सुरू झाली. कापडनिर्मिती आणि यंत्रकाम हे तिचे आरंभीचे विषय होते, म्हणजे ती मुळात गिरणीच्या गरजेतून जन्मलेली व्यवसायशाळाच होती. 1923 मध्ये ती माटुंग्याला आली, दीर्घकाळ लायसेन्शिएट (पदवीखालील पात्रता) व पदविका स्तरावरचे शिक्षण देत राहिली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्याकडे मुंबई विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम आले. 1997 मध्ये तिचे नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले आणि 2004 मध्ये तिला स्वायत्तता मिळाली.

एका संस्थेने शतकभरात चढलेल्या या पायऱ्या आज तीन यंत्रणांत वाटल्या गेल्या आहेत. कारागिरीचे प्रशिक्षण 1950 च्या शिल्प कारागीर योजनेतून उभ्या राहिलेल्या आयटीआयकडे गेले आणि महाराष्ट्रात ते व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या कक्षेत येते. पदविका तंत्रनिकेतनांकडे आली. तिचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय करते आणि परीक्षा बहुतेक ठिकाणी वांद्रे पूर्वेच्या खेरवाडीतील महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. पदवीचे प्रवेश मात्र फोर्टमधील राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी कक्ष, पाहतो. एका यंत्रणेने दिलेला कागद दुसरीकडे नेऊन सिद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यावरच पडते. कमी गुणांमुळे मागे राहणाऱ्या मुलांपेक्षा या कागदांमुळे अडकणारी मुले मी अधिक पाहिली आहेत, म्हणून पुढील माहितीत कागदपत्रांवरच भर दिला आहे.

पहिली पायरी पदविकेची. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला किमान 35 टक्के गुणांवर पदविकेच्या प्रथम वर्षासाठी अर्ज करता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण केलेल्याला मात्र ट्रेडशी सुसंगत शाखेत थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळू शकतो. येथे 'दोन वर्षांचा' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, तर वेल्डर, प्लंबर यांसारखे ट्रेड एका वर्षाचे असून त्यांवर थेट द्वितीय वर्षाची पात्रता येत नाही. पुढे शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाने ही गोष्ट आयटीआयचा अर्ज भरतानाच लक्षात घ्यावी, कारण नंतर कळून उपयोग नसतो. बारावी विज्ञान किंवा बारावीचा तांत्रिक व्यवसाय अभ्यासक्रम केलेल्यांनाही हेच द्वार खुले आहे.

आयटीआयच्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि त्याचे गुणपत्रक ही दोन्ही लागतात. हल्ली ती संगणकीय प्रत म्हणून मिळतात, पण निकाल लागल्यावर लगेच उतरवून न घेतल्याने अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ झालेली दिसते. प्रमाणपत्रावरील नाव तर आवर्जून तपासावे. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. व्यवसाय प्रमाणपत्रावर कित्येकदा केवळ नाव आणि आडनाव असते, आणि आधार कार्डावर तिसरीच मांडणी सापडते. क्रम वेगळा असेल तर बहुधा अडचण येत नाही. परंतु अक्षरे वेगळी असतील, किंवा विवाहानंतर मुलीचे नाव बदललेले असेल, तर चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडून प्रसिद्ध होणाऱ्या राजपत्रातील नावबदलाची नोंद सोबत लागते. ती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकावे.

थेट द्वितीय वर्षात आल्यावर या मुलांना गणित जड जाते, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. प्रथम वर्षाचे उपयोजित गणित आणि विज्ञान त्यांनी केलेले नसते, आणि वर्गातले इतर विद्यार्थी मात्र ते पूर्ण करून बसलेले असतात. कार्यशाळेत हीच मुले सर्वांत पुढे असतात. प्रवेश निश्चित होताच प्रथम वर्षाची गणिताची पुस्तके मिळवून जुलै–ऑगस्टमध्ये ती स्वतः सोडवायला घेतलेली मुले तरून गेलेली मी पाहिली आहेत.

दुसरी पायरी पदवीची. अभियांत्रिकी पदविका किमान 45 टक्के गुणांनी, आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गातील किंवा दिव्यांग उमेदवाराने किमान 40 टक्के गुणांनी, उत्तीर्ण केलेली असावी. बारावीला गणित घेऊन विज्ञान शाखेची पदवी मिळवलेले उमेदवारही पात्र असतात, मात्र त्यांचा विचार पदविकाधारकांनंतर होतो. थेट द्वितीय वर्षासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या 10 टक्के अतिरिक्त जागा असतात आणि प्रथम वर्षात रिक्त राहिलेल्या जागांची त्यांत भर पडते. त्यामुळे मागणी असलेल्या संस्थांत जागा मोजक्याच राहतात. व्हीजेटीआयमध्येही हे प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच होतात, आणि तिथेच पदविका केली म्हणून पदवीची जागा आपोआप मिळत नाही. स्वायत्त संस्थेतून पदविका घेतलेल्यांना टक्केवारीऐवजी श्रेणीगुण मिळालेले असल्यास संस्थेकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र घ्यावे लागते. 1960 मध्ये सुरू झालेले खेरवाडीचे शासकीय तंत्रनिकेतनही स्वायत्त आहे.

आता अधिवासाविषयी, कारण मुंबईत हाच भाग सर्वाधिक गुंतागुंतीचा ठरतो. ज्याने दहावी आणि पदविका या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांमधून उत्तीर्ण केल्या आहेत आणि जो महाराष्ट्राचा अधिवासी आहे किंवा महाराष्ट्रात जन्मलेला आहे, तो राज्याचा 'प्रकार अ' उमेदवार समजला जातो. या व्याख्येतील 'किंवा' फार मोलाचा आहे. जन्म महाराष्ट्रातला असेल तर अधिवास प्रमाणपत्राशिवाय काम भागते, फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा जन्मदाखल्यावर जन्मस्थान स्पष्ट हवे. ज्यांचे शिक्षण परराज्यात झाले पण वडील किंवा आई महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, त्यांच्यासाठी 'प्रकार ब' आहे आणि तेथे पालकाचे अधिवास प्रमाणपत्र जोडावे लागते.

एका पावसाळ्यात पडताळणीच्या टेबलासमोर फिटर ट्रेड करून पुढे पदविका पूर्ण केलेला एक मुलगा उभा होता. पिशवीत पिशवी घालून कोरडी ठेवलेली फाइल त्याने काळजीपूर्वक उघडली. गुण उत्तम, गुणपत्रके सर्व जागेवर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र जन्मस्थानासमोर फक्त गावाचे नाव होते. तालुका नाही, जिल्हा नाही, राज्य नाही, आणि त्या नावाचे गाव कर्नाटकातही आहे. दाखला देताना शाळेने तो रकाना अर्धाच भरला होता आणि इतक्या वर्षांत कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते. वडील रात्रीच्या गाडीने गावी गेले आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घेऊन तिसऱ्या दिवशी परतले. मुदतीत काम झाले, पण त्या तीन दिवसांत त्या घरात कुणाला झोप लागली नसेल. आपल्या दाखल्यावरचे जन्मस्थान आणि 'भारतीय' ही राष्ट्रीयत्वाची नोंद आजच वाचून पाहा. ही नोंद नसेल तर राष्ट्रीयत्वाचे वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते.

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. कुलाब्यापासून माहीम–शीवपर्यंतचे रहिवासी मुंबई शहर जिल्ह्यात मोडतात आणि त्यांचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमधील जुन्या जकात घरात आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचे रहिवासी उपनगर जिल्ह्यात येतात, त्यांचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. जिल्हा चुकला की अर्ज परत येतो. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबांनी जुन्या पत्त्यांचे पुरावे, विशेषतः मुलांचे शाळेचे दाखले, शिधापत्रिका आणि वीजबिले, टाकून देऊ नयेत.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याने जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्राची तयारी पदविकेच्या वर्षांतच करावी. पदवीच्या प्रवेशात ते मागितले जाते आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे वडील, आजोबा किंवा रक्ताच्या नातेवाइकांचे जुने पुरावे सादर करावे लागतात. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. विद्यार्थ्याचा अर्ज महाविद्यालयाच्या पत्रासह जातो, म्हणून पदविकेला असतानाच आपल्या संस्थेच्या कार्यालयात विचारणा करावी. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील उमेदवारांना उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागते आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते. मागील वर्षीचे प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचा अर्ज येथे खुल्या प्रवर्गात जातो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही राज्य शासनाच्या विहित नमुन्यातलेच हवे, केंद्रीय नोकरभरतीसाठी काढलेला नमुना येथे चालत नाही.

अर्जाची प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. संबंधित संकेतस्थळावर नोंदणी करून माहिती भरावी, कागदपत्रे स्कॅन करून चढवावीत आणि शुल्क भरावे. पडताळणी घरबसल्या ई-पद्धतीने करून घेता येते किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन. ज्यांच्या कागदांत वर सांगितलेल्यापैकी एखादी अडचण आहे त्यांनी प्रत्यक्ष केंद्रातच जावे, असे माझे मत आहे, कारण त्रुटी समोरासमोर समजते. ई-पडताळणी निवडणाऱ्याने मात्र रोज लॉगिन करून पाहावे. त्रुटी दाखवून अर्ज परत आलेला असतो आणि विद्यार्थी गुणवत्ता यादीची वाट पाहत असतो, असे दरवर्षी घडते.

पडताळणीनंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यातील आपले गुण, प्रवर्ग आणि उमेदवारीचा प्रकार तपासून चूक असल्यास दिलेल्या मुदतीतच हरकत नोंदवावी. अंतिम यादीनंतर केलेली तक्रार सहसा उपयोगी पडत नाही. मग पर्याय अर्ज भरायचा असतो. येथे संस्था आणि शाखा यांचा क्रम खऱ्या पसंतीने लावावा, कारण पहिल्या क्रमांकाचा पर्याय वाटपात मिळाला तर तो आपोआप गोठवला जातो आणि पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही. कल्याण किंवा विरारहून रोज ये-जा करणाऱ्याने प्रवासाचा विचार पर्याय लिहितानाच करावा.

शुल्काच्या बाबतीत उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला अर्जाबरोबरच काढून ठेवावा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे काम शिकणाऱ्या मुलीच्या घरी ही माहिती पोहोचणे मला अत्यंत निकडीचे वाटते. इतर शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि पुढील वर्षी नूतनीकरणही करावे लागते.

वाटप झालेली जागा स्वीकारल्यावर ठरलेल्या दिवसांत संस्थेत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे लागते. त्या दिवशी शाळा किंवा तंत्रनिकेतन सोडल्याचा मूळ दाखला संस्थेत जमा होतो, तेव्हा त्याच्या आणि सर्व गुणपत्रकांच्या किमान चार स्वच्छ छायाप्रती आधीच काढून घराच्या कपाटात ठेवाव्यात.