टाचण वहीतून घरापर्यंत : वर्गातला अभ्यास पालकांना कळवण्याची पार्श्वभूमी

शनिवारी सकाळची शाळा सुटली की इयत्ता तिसरीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वर्गशिक्षिकेचा संदेश येतो. या आठवड्यात गणितात हातच्याची बेरीज झाली, मराठीत विरामचिन्हे झाली, परिसर अभ्यासात गावातल्या पाण्याच्या जागा पाहून झाल्या. सोमवारी येताना घरातल्या पाच वस्तूंची वजने अंदाजाने लिहून आणावीत. चार-पाच ओळींचा हा मजकूर आता इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वीपासूनच येत असावा, असे नव्या पालकांना वाटते. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेला पालकांशी या तपशिलात बोलू लागायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. मूल वर्गात काय शिकले याची नोंद शाळा फार पूर्वीपासून ठेवत आली. ती नोंद कोणी वाचायची, हे मात्र वेळोवेळी बदलत गेले.

सरकारी शाळा येण्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पंतोजींचा निर्वाह पालकांनी दिलेल्या पैशांवर आणि धान्यावर चाले, शाळा कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे आणि मुलगा पाढे कुठवर म्हणतो हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर पडतच असे. अर्थात ही सोय मोजक्या जातींतील मुलग्यांपुरतीच होती, हे विसरून त्या शाळेचे गोडवे गाता येत नाहीत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे भारतातील शिक्षणाविषयीच्या ब्रिटिश धोरणपत्रानंतर, मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते उभे राहिले, शिक्षक खात्याचा नोकर झाला आणि त्याने जाब कोणाला द्यायचा हेही त्याबरोबर ठरून गेले. गावोगावच्या शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबांना खेड्यातले लोक ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांकडून कविता घोटून घेतल्या जात. त्या दिवशी मुलांना काय आले आणि काय आले नाही, याचा शेरा खात्याच्या दप्तरी जमा होई. घरी त्याची वार्ता पोहोचलीच तर ती मुलाच्या तोंडून.

शाळेकडून घरी जाणारा पहिला अधिकृत निरोप शिकण्याविषयीचा नव्हता. मुलाला शाळेत पाठवा, एवढाच तो होता. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू करून १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी हा रुपया मजुरी करणाऱ्या माणसाला परवडणारा नव्हता. राज्य या बाबतीत किती गंभीर आहे हे त्यावरून गावकऱ्यांना समजले. मुंबई इलाख्यातला १९१८ चा कायदा आणि पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम यांतही पालक दिसतो तो हजेरीची जबाबदारी असलेला माणूस म्हणूनच. ज्यांच्या घरात तोवर पाटी शिरलीच नव्हती, अशा लाखो मुलांसाठी ही सक्ती आवश्यक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तिच्यामुळे शाळा आणि घर यांच्यातल्या बोलण्याला नोटिशीचा जो सूर लागला, तो दीर्घकाळ टिकला. आजही ‘तुम्हाला शाळेत बोलावलंय’ हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकले की आईचा चेहरा उतरतो.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळेचा कारभार गावाच्या जवळ आला, पण वर्गातली माहिती पूर्वीच्याच वाटेने वर जात राहिली. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे शिक्षकाची टाचण वही. वर्षाच्या सुरुवातीला वार्षिक नियोजन, त्यावरून घटक नियोजन आणि त्यावरून रोजचे टाचण, असा तिचा क्रम असतो. शिक्षक म्हणून माझ्या पहिल्या नेमणुकीच्या वर्षाची वही मी जपून ठेवली आहे. लांब, जाड पुठ्ठ्याची, पट्टीने आखलेले रकाने : तारीख, तास, विषय, घटक, उद्दिष्टे, साहित्य आणि सर्वांत उजवीकडे स्वाध्याय. दर सोमवारी मुख्याध्यापकांची लाल शाईतली सही, मधूनच भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांचा शेरा. आठवडाभरात काय शिकवायचे आणि मुलांना घरी काय करायला द्यायचे, हे सगळे त्या वहीत तारीखवार लिहिलेले आहे. आजच्या शनिवारच्या संदेशातला जवळजवळ प्रत्येक शब्द तिच्यात सापडतो. ती माझ्या टेबलाच्या खणात असे आणि तिथून फक्त कार्यालयात जाई. एखाद्या आईला ती दाखवावी, किंवा निदान तिच्यातला स्वाध्यायाचा रकाना दाराजवळच्या फळ्यावर उतरवावा, हे मला कितीतरी वर्षे सुचले नाही. सुचवणारेही कोणी नव्हते, कारण तपासणीत तो मुद्दाच नव्हता.

पालकांच्या हाती पडे ते प्रगतिपुस्तक. सहामाही आणि वार्षिक परीक्षेनंतर ते घरी येई, त्यात विषयवार गुण, क्रमांक, हजेरीचे दिवस, उंची आणि वजन असे आणि खाली ‘पालकांची सही’ असा रकाना. माझ्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकात तिसरीपर्यंत त्या रकान्यात आईचा अंगठा आहे. थोरली बहीण चुलीपुढे बसून गुण वाचून दाखवी, आई प्रत्येक आकड्यावर ‘म्हणजे बरे का?’ एवढेच विचारी आणि मग काजळाच्या डबीवर अंगठा टेकवून कागदावर उठवी. गणितात चाळीस म्हणजे मला भागाकार येतो की येत नाही, हे त्या कागदावरून तिला कळणे शक्य नव्हते. आणि खरे तर बहिणीलाही नव्हते. सहा महिन्यांच्या शिकण्याचा निकाल त्या पुस्तकात असे, शिकणे त्यात कुठेच नसे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत याच्या जोडीला छापील डायरी आली. तिच्यात रोजचा गृहपाठ मुलाने स्वतः लिहायचा आणि पालकांनी खाली सही करायची, असा रिवाज पडला. मात्र ‘डायरीत रिमार्क आला’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक घरात तक्रार असाच घेतला गेला, कारण चांगले झाले म्हणून डायरी लिहिण्याची पद्धत फार थोड्या वर्गांत होती.

गृहपाठाबद्दलचा विचार याच सुमारास बदलू लागला. १९९२ मध्ये नेमलेल्या प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये शालेय ओझ्याविषयीचा अहवाल दिला. प्राथमिक स्तरावर गृहपाठ देऊ नये, द्यायचाच तर मुलाने आपल्या घराच्या परिसरात काही शोधावे, पाहावे, अशा स्वरूपाचा द्यावा, अशी तिची शिफारस होती. ती अमलात येण्याची गती फार मंद राहिली.

कायद्याने शाळेचे तोंड घराकडे वळवले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती व त्याच्याविषयीची इतर आवश्यक माहिती त्यांना देणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. मूल शाळेत पाठवण्याची पालकांवरची जबाबदारी जुन्या कायद्यांनी ठरवून दिली होती. मुलाची माहिती पालकांना देण्याची शिक्षकावरची जबाबदारी या कलमाने ठरवून दिली. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. शिकता शिकता होणारे आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित मूल्यमापन, गुणांऐवजी श्रेणी आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी असे तिचे स्वरूप होते. ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते, जोडाक्षरे वाचताना अडखळते’ अशी एक नोंद आईला चाळीस गुणांपेक्षा कितीतरी अधिक सांगते. दुर्दैवाने नोंदींचे तयार संच लवकरच हातोहात फिरू लागले आणि चाळीस मुलांच्या प्रगतिपत्रकांवर तीच दहा वाक्ये आलटून पालटून दिसू लागली. पटावर चाळीस मुले, त्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचे काम, आणि दोन वर्ग एका शिक्षकाकडे, ही परिस्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. तरीही हानी झाली ती खरीच. पालकांनी पहिल्या वर्षी मन लावून वाचलेली ती वाक्ये तिसऱ्या वर्षी न वाचताच सही करून परत येऊ लागली.

आठवडा हे एकक शासनाच्या कागदांत ठळकपणे आले ते गृहपाठाच्या निमित्ताने. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र शासनाने पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये, असे राज्यांना कळवले. २०२० च्या दप्तर धोरणाने तेच कायम ठेवले आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, अशी मर्यादा सुचवली. हिशेब आठवड्याचा झाला की तो कोणीतरी मांडणे ओघानेच येते. जिथे प्रत्येक विषयाला वेगळ्या बाई आहेत, तिथे पाच जणींनी दिलेला अभ्यास मिळून दोन तासांत बसतो की नाही, हे एकत्र लिहिल्याशिवाय ना शाळेला कळते ना घराला. साप्ताहिक नियोजन पालकांपर्यंत पोहोचवण्याची खरी व्यवहारी गरज मला इथे दिसते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही सगळी चर्चा एका रात्रीत मागे पडली. एप्रिलमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही अभ्यासमाला सुरू केली, तिचे दुवे शिक्षकांनी पालकांच्या फोनवर पाठवायचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ उपक्रमात व्हॉट्सअ‍ॅपवरून दर आठवड्याला विषयवार सराव प्रश्न येऊ लागले. टाचण वहीतला उजवीकडचा रकाना असा थेट घरात जाऊन पोहोचला. मात्र ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरात मुलाचा अभ्यास रात्री नऊला सुरू होई, आणि ज्या घरात फोनच नव्हता तिथे शिक्षक स्वाध्यायपत्रिका घेऊन दारोदार फिरले. वाड्या-वस्त्यांवर ओट्यावर बसून घेतलेल्या त्या अर्ध्या अर्ध्या तासांत अनेक शिक्षकांना पालक पहिल्यांदा भेटले. शाळा उघडल्यावर फोनवरचे गट तसेच राहिले आणि शनिवारचा संदेश रूढ झाला.

त्या संदेशाची भाषा हा पुढचा प्रश्न आहे आणि तो जितका गंभीर आहे तितका चर्चेत नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागात घरी भिली, पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू बोलतात. तिथल्या आईपर्यंत प्रमाण मराठीतला ‘अध्ययन निष्पत्ती’ (मुलाला काय यायला हवे) हा शब्द पोहोचतच नाही. मुंबई-पुण्यात मराठी घरातली मुले इंग्रजी शाळेत जातात आणि शाळेचा निरोप ज्या भाषेत येतो ती घरातल्या आजीला, पुष्कळदा आईलाही, येत नाही. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात. मूल सोबत गेले तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यायचे असते, ज्यावरून नव्या शाळेला त्याची इयत्ता आणि प्रगती कळावी. मूल मागे हंगामी वसतिगृहात राहिले, तर फडावरच्या आईला त्याचे शिकणे कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे फोनवरचा आवाज. लिहिलेल्या चार ओळींऐवजी अर्ध्या मिनिटाचा बोललेला निरोप पाठवणारे शिक्षक मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात.

मधल्या काळात एक वेगळा प्रयत्न झाला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत पाठानंतर ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने जोडली गेली. हेतू दप्तर हलके करण्याचा होता, पण ती पाने नीट वापरली गेली तिथे पालकांना पुस्तक उघडताच मुलाने त्या पाठातून काय घेतले हे दिसू लागले. २०२५ मध्ये ही पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रक हा घर आणि शाळा यांतला महत्त्वाचा दुवा मानला आहे आणि त्याला पालक-शिक्षक भेटींची जोड द्यावी असे म्हटले आहे. कागदाला भेटीची जोड हवी, हे महाराष्ट्रात अलीकडे दोन ठिकाणी चांगले दिसले. २०२२ पासूनच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात वस्तीवरच्या मातांचे गट झाले, त्यांना चित्रांची आयडिया कार्डे मिळाली आणि भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाकडून काय करून घ्यायचे हे आया एकमेकींना सांगू लागल्या. दुसरे ठिकाण म्हणजे ‘निपुण’ या, मुलांना पायाभूत वाचन-लेखन व गणित यावे यासाठीच्या उपक्रमातले चावडी वाचन. संध्याकाळी चावडीवर किंवा देवळापुढे सतरंजी घालतात, गावकरी आणि पालक जमतात आणि मुले त्यांच्यासमोर एकेक परिच्छेद वाचतात, उदाहरणे सोडवतात. मी पाहिलेल्या अशा एका वाचनात दुसरीतली मुलगी ‘आश्चर्य’ या शब्दावर थांबली. मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने, जिला वाचता येत नाही, शेजारणीला हळूच विचारले, ‘कुठं अडली?’ बाईंनी ते ऐकले, पुस्तक घेऊन त्या आईजवळ गेल्या, ते जोडाक्षर बोटाने दाखवले आणि या आठवड्यात अशी दहा अक्षरे घ्यायची आहेत, असे सांगितले.