मुख्याध्यापकाची खुर्ची आणि ज्येष्ठता यादी

महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक कोण होणार, हे सहसा सेवाज्येष्ठता यादी ठरवते. आज शाळांना दिशा देणारं नेतृत्व मिळत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते, तिची मुळं या यादीत आहेत. ही यादी का आली, हे मात्र बोललं जात नाही.

सुरुवात अगदी वेगळी होती. 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, तेव्हा शाळा काढणारे आणि वर्गात शिकवणारे एकच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, पाठोपाठ आलेले आगरकर आणि वामन शिवराम आपटे हे सगळे स्वतः शिकवत. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, तीही शिक्षक असलेल्या आजीव सदस्यांच्या बळावर. त्यांच्यात मतभेद झाले, टिळक 1890 मध्ये बाहेरही पडले. पण निर्णय शिकवणाऱ्यांच्या हातात होता.

पुढे शाळा गावोगाव गेल्या. 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि बहुजनांच्या मुलांना हायस्कूलची दारं उघडली. स्वातंत्र्यानंतर तर तालुक्यातालुक्यात संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे चालक बहुधा शिक्षक नव्हते. पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन खाजगी, ही 1854 च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शिक्षणधोरणापासूनची, अनुदानाची रचना तशीच राहिली. मुख्याध्यापक या दोघांच्या मध्ये सापडला. चालकांची मर्जी गेली की नोकरी धोक्यात, आणि मर्जीतला कनिष्ठ शिक्षक वरिष्ठांच्या डोक्यावर.

या अन्यायावर उतारा म्हणून 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली आली. नियम 3 प्रमाणे पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकालाच मुख्याध्यापक करावं लागतं. अट पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांच्या अध्यापनाची. डावललं गेलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्यात सूट आहे. माझ्या मते हा कायदा शिक्षकांसाठी फार मोठा आधार ठरला आणि तो तसाच टिकायला हवा.

पण त्याची किंमत शाळेने मोजली. निवृत्तीचं वय 58. ज्येष्ठतेने खुर्ची मिळेपर्यंत अनेकांच्या हातात दोन-तीन वर्षंच उरतात. दोन शिक्षकांत ज्येष्ठता यादीच्या ‘क’ प्रवर्गात, म्हणजे प्रशिक्षित पदवीधरांच्या गटात, आधी कोण आलं, म्हणजे बी.एड. आधी कोणाचं झालं, यावर वाद पेटला की शाळा तात्पुरत्या प्रभारी मुख्याध्यापकाच्या भरवशावर चालते. प्रभारी माणूस सही करतो, पण पुढच्या वर्षाचा विचार करत नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

खुर्चीवर बसल्यावर काय वाढून ठेवलेलं असतं, तेही पाहा. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर पगारबिल वेळेत गेलं नाही तर वेतन पथकाकडून, म्हणजे शिक्षण खात्याच्या पगार कार्यालयाकडून, सगळ्या शिक्षकांचा पगार अडतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पटाचा आकडा घसरला तर एखादा सहकारी अतिरिक्त ठरतो, आणि ते त्याला सांगण्याची वेळ मुख्याध्यापकावरच येते. यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, दाखल्यांवरच्या सह्या, दहावीची आवेदनपत्रं हे सगळं याच टेबलावर. यातून उठून एखाद्या नव्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याचा तास पाहणं, ही मुख्याध्यापकाची खरी कामगिरी, आणि तीच सर्वांत आधी मागे पडते. शिक्षक नेमण्याचा अधिकार मात्र संस्थेचा आणि मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांची.

एकट्या मुख्याध्यापकावरचा हा भार हलका व्हावा, असा एक विचार जुनाच आहे. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने शाळासंकुलं सुचवली होती: माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा एकत्र जोडायच्या आणि अनुभव, साधनं वाटून घ्यायची. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच कल्पना पुन्हा मांडली आहे आणि मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षाही ठेवली आहे. हे तास खुर्चीवर बसल्यानंतरचे. ज्येष्ठता यादीत पहिल्या पाचांत असलेल्या शिक्षकांना ते आधीच दिले, तर 1977 च्या संरक्षणाला हात न लावताही बरंच काही बदलेल.